न तपासता दिलेलं यंत्र

संगणक घ्यायला आलेला माणूस आधी प्रोसेसर विचारतो, मग स्क्रीन, मग डब्याचा रंग. एसएमपीएस कुणी विचारत नाही. बाहेरची वीज आतल्या भागांना झेपेल अशी करून देणारी ती साधी पेटी, पण नेमकी तिथंच लोकांना काटकसर सुचते. अशा गिऱ्हाइकाला मी सत्तावीस वर्षं एकच सांगत आले आहे : समोर दुसरं दुकान आहे, तिकडे जा. समोर केळ्यांची वखार आहे. गिऱ्हाईक वखारीकडे बघतं, माझ्याकडे बघतं आणि मी सांगेन ती पेटी घेतं.

मी त्रिशला मगदूम. सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात माझं दुकान आहे. आता दोन हजार एक्केचाळीस साली सुटे भाग निवडून संगणक जोडून घेणारे थोडेच राहिलेत. बहुतेकांच्या घरी कंपनीचा बंद डबा असतो. तो उघडत नाही. बिघडला की परत जातो आणि दुसरा येतो. ज्यांचं डब्यावर भागत नाही ते माझ्याकडे येतात. एका हाताने काम करणारा शिंपी, डोळ्यांनी अधू झालेल्या प्राध्यापिका, उसाच्या रानात मातीची नोंद ठेवणारा इंजिनिअर, असे सगळे. मी आधी त्यांना बसवून घेते, काय काम करता, कुठं करता, वीज कशी आहे ते विचारते आणि मग भाग निवडते.

माझा एक नियम आहे. जोडलेलं यंत्र मी पूर्ण दिवसभर स्वतः चालवते. गिऱ्हाईक जसं वापरणार तसंच, त्याच्याच कीबोर्डवर, त्याच्याच माइकवर. कच्चा भाग पहिल्या दिवसातच कुरकुरतो. दिवस पार पडला की यंत्राच्या पाठीवर माझ्या अक्षरातली चिठ्ठी लागते : 'तपासून दिलेलं. त्रि. म.' जयसिंगपूरपासून जतपर्यंत ती चिठ्ठी बघून लोक जुनं यंत्रही डोळे मिटून घेतात. याचा मला गर्व आहे आणि तो मी कधी लपवला नाही.

संक्रांत झाली त्या आठवड्यात भरतेश दुकानात आला. भरतेश माझा धाकटा भाऊ, सात वर्षांनी लहान. कुस्तीच्या मैदानांचा निवेदक. तांबड्या मातीच्या हौदाशेजारी मंचावर माइक घेऊन बसायचं आणि पैलवान उतरला की त्याचं नाव, गाव, तालीम, वस्ताद, आज्यानं कुठल्या साली कुणाला पाडलं होतं, हे सगळं सांगायचं; मग कुस्ती लागली की डावामागून डाव बोलत राहायचं. सांगली, कोल्हापूर, सातारा, तिन्ही जिल्ह्यांत त्याचा आवाज ओळखीचा. घरात मात्र तो अबोल. लहानपणी बाईंनी त्याला नाव विचारलं तरी मीच सांगायचे, आणि पुढंही ती सवय मोडली नाही. मला तो कधी उलटून बोलला नाही. मोठी बहीण म्हणून असेल, किंवा मी कधी जागाच ठेवली नसेल.

तर हा भरतेश काउंटरसमोर उभा राहिला आणि फोनवर लिहून माझ्यापुढे धरला. चार महिन्यांपूर्वी घशाच्या कर्करोगात त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं. गळ्याला रुमाल असायचा.

'हिंगणवाडीचं मैदान तेवीस दिवसांवर. वस्ताद म्हणाले, कमिटी डबा आणणार.'

डबा म्हणजे काय ते मला माहीत होतं. एका कंपनीने भरतेशच्या जुन्या निवेदनांची रेकॉर्डिंग गोळा केली होती. त्यांचा डबा कॅमेऱ्यातून कुस्ती बघायचा आणि भरतेशच्याच आवाजात आपोआप निवेदन करायचा. हिंगणवाडीत ते फुकट लावून देणार होते. तिथं लोकांना आवडलं की मग सगळ्या जत्रा त्यांच्याच.

"मग तू मंचावर बसून काय करायचं?" मी विचारलं.

त्याने लिहिलं, 'हात हलवायचा.' आणि खाली, 'मला माझं बोलायचंय. करशील?'

"करशील काय विचारतोस? बस," मी म्हणाले.

मी कागद ओढला आणि भाग निवडायला लागले. हे काम मला कशाहूनही जास्त आवडतं. मैदानात धूळ असणार, आणि तीही हळद आणि तेल मुरलेल्या मातीची, चिकट. म्हणजे पंखा नको. पंखा ती धूळ आत ओढतो. त्याऐवजी जाड ॲल्युमिनियमची बंद पेटी, बाहेरून पत्र्याच्या कडा, उष्णता त्यांतून निघून जाते. वीज जनरेटरची, कधी नव्वद व्होल्ट तर कधी तीनशे, तेव्हा एसएमपीएस दोन्ही टोकं सोसणारा. जबड्याची हालचाल टिपणारा पट्टा हनुवटीखाली, त्याला वायर. बिनवायरीचं काही नको, आठ हजार माणसांच्या खिशात आठ हजार फोन असणार. आवाज बाहेर टाकायला मैदानाचे भोंगे होतेच, घरच्यापुरता पेटीतच एक छोटा भोंगा. राहिली चिप.

ही चिप म्हणजेच या गोष्टीतलं सगळं दुखणं, म्हणून जरा सांगते. साध्या संगणकात आठवण एकीकडे असते आणि हिशेब करणारा भाग दुसरीकडे. माहिती दोन्हींमध्ये सारखी ये-जा करते. नव्या चिपमध्ये तसं नाही. तिच्यात कोट्यवधी बारीक स्फटिक आहेत. एखाद्या स्फटिकातून वीज गेली की त्याचा विरोध किंचित कमी होतो, आणि वीज बंद केली तरी तो तसाच कमी राहतो. पुढच्या वेळी वीज तिथूनच जास्त सहज जाते. म्हणजे वापर हीच तिची आठवण. नांगरलेल्या रानातून पहिली चार माणसं जिथून चालत जातात तिथंच पायवाट पडते आणि मग सगळं गाव तिथूनच जातं, तसं हे आहे. कंपनीच्या कागदावर तिचं नाव लांबलचक आहे. आमच्या धंद्यात सगळे तिला वळणचिप म्हणतात, कारण तिला माणसाचं वळण लागतं.

भरतेशला हीच हवी होती. स्वरयंत्र गेलं तरी बोलायचं मनात आलं की जीभ, जबडा, गळ्याचे स्नायू आपापलं काम करतात. त्यांच्यात किंचित वीज खेळते. हनुवटीखाली बांधायच्या पट्ट्यातले चोवीस संवेदक ती टिपतात. पण प्रत्येकाचा जबडा वेगळा, उच्चार वेगळा. वळणचिप एका माणसाला धरून बसते, त्याच्या अर्ध्या हालचालीवरून पूर्ण शब्द ओळखते, आणि पुढं पुढं अर्ध्या शब्दावरून वाक्य. आवाज जुन्या रेकॉर्डिंगवरून बसवायचा, तो सोपा भाग.

मी दोन चिपा मागवल्या. एखादी कच्ची निघते म्हणून मी महत्त्वाचा भाग नेहमी जोडीने मागवते. पाच दिवसांत सगळं आलं, एका सकाळी जोडून झालं, आणि दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे मी तपासायला बसले.

गिऱ्हाईक जसं वापरणार तसंच. म्हणून तो पट्टा मी माझ्याच हनुवटीखाली बांधला आणि आवाज न काढता बोलत राहिले. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. दहा तास माणूस काय बोलणार? आधी वर्तमानपत्र वाचलं. मग गिऱ्हाइकांना शिव्या दिल्या. मग मनातलं सगळं आलं. भोंग्यातून भरतेशचा आवाज बारीक येत होता आणि मी खूश होत होते, कारण दुपारनंतर यंत्र अडखळायचंच थांबलं. पेटी कोमट, गरम नाही. व्होल्टेज मुद्दाम खालीवर केलं, तरी हूं की चूं नाही. संध्याकाळी मी चिठ्ठी लावली.

भरतेशने पट्टा बांधला आणि पहिल्याच तासात बोलला. कंपनी म्हणत होती दोन आठवडे लागतील. मी म्हटलं, कंपनीला काय कळतंय!

चौथ्या दिवशी दस्तगीर वस्ताद दुकानात आले. दस्तगीर मुल्ला, हिंगणवाडीच्या तालमीचे वस्ताद, सत्तरीचे, अजून मान बैलासारखी. मैदान कमिटीत त्यांचा शब्द चालायचा, पण एकट्याचा नाही. मी भिंतीवरच्या पडद्यावर एक जुनी कुस्ती लावली आणि भरतेशने निवेदन केलं.

"पकड झाली. सुटली. डावा पाय बघा. घिस्सा मारला. चुकला. पुढं."

वस्तादांनी शेवटपर्यंत ऐकलं. "आवाज भरतेशचाच हाय," ते म्हणाले. "यंत्र झकास केलंयसा ताई. पण भरतेश, एवढी घाई कशाची? पोराचं गाव कुटलं, वस्ताद कोण, कायच सांगितलं न्हाईस. तू आसा कवा बोलत हुतास?"

भरतेशने कपाळाला आठ्या घातल्या आणि पट्टा चाचपला. त्याने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. यंत्र म्हणालं, "मुद्द्याचं बोलावं."

वस्ताद हसले. मीही हसले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मला वाटलं, बरं झालं, पाल्हाळ गेला.

वस्ताद म्हणाले, "कमिटीला मी सांगतो, डबा मंचाखाली तयार ठेवा, पर आधी भरतेशला बोलू द्या. मात्र ताई, मधीच यंत्र बंद पडलं तर डबा सुरू हुनार. मग माझ्या हातात काय न्हाई. ह्या मैदानात डबा बोलला की फुडं सगळीकडं त्योच बोलंल."

दुपारी मी भरतेशच्या घरी जेवायला गेले. त्याची बायको राजमती, शाळेत चित्रकला शिकवते. त्या दिवशी तिने सुट्टी घेतली होती, पुरणपोळी केली होती, नवरा परत बोलायला लागला म्हणून. सगळ्यांना वाढून ती स्वतः मागे राहिली होती. तीन वाजत आले होते. भरतेशने तिच्याकडे बघून बोलायला तोंड हलवलं आणि त्याच्याच प्रेमळ, भरदार आवाजात यंत्र म्हणालं :

"उशीर तू केलास. तीन महिने काढे पाजत बसलीस. वेळेत नेलं असतंस तर आवाज राहिला असता."

राजमतीच्या हातातला तुपाचा चमचा तसाच राहिला. भरतेश जोरजोरात मान हलवायला लागला, फोन शोधायला लागला. तोवर ती आत गेली होती. त्याने पट्टा ओरबाडून काढला आणि फोनवर लिहिलेलं मला दाखवलं. 'उशीर झालाय, तू पण बस, एवढंच म्हणत होतो.' तोच फोन घेऊन तो आत धावला. दार बंद होतं.

मी ताटावर बसून राहिले. ते वाक्य मला शब्दन् शब्द ओळखीचं होतं. यंत्र तपासताना, दुपारी दोनच्या सुमारास, केळ्यांच्या वखारीकडे बघत ते मीच बोलले होते.

मी काही न बोलता उठले आणि दुकानात गेले. हा माझा भित्रेपणा होता, दुसरं काही नाही. चिपसोबतचा कागद काढून पुन्हा वाचला. पहिल्या चाळीस तासांतला प्रवाह निर्णायक असतो, असं त्यात ठळक छापलं होतं. पहिल्या वाचनात मी त्याचा अर्थ घेतला होता की पहिले चाळीस तास व्होल्टेज सांभाळा. सत्तावीस वर्षं विजेच्या पेट्या विकल्यावर माणूस दुसरा कुठला अर्थ घेणार? पण त्याचा सरळ अर्थ होता की कोऱ्या चिपमधून पहिल्यांदा जो चालेल त्याची वाट पडेल. दहा तास मी चालले होते. म्हणून तर यंत्र तासाभरात बोलायला लागलं. भरतेशने अर्धा शब्द हलवला की ते माझ्या वाटेवरून चालायला लागायचं आणि वाक्य माझंच पुरं करायचं. पुसायची सोय नव्हती. स्फटिक तापवून पुसले तर ठिसूळ होतात आणि मग कुठलंच वळण धरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. राजमती स्वयंपाकघरात गवार मोडत होती, भरतेश दाराशी बसला होता. पट्टा टेबलावर पडला होता. दोघंही रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

"राजमती, ते त्याचं बोलणं नव्हतं. माझं होतं," मी उभ्याउभ्याच सांगितलं, आणि मग चिप, दहा तास, सगळं सांगितलं.

तिने गवार मोडायची थांबवली नाही. मोडतामोडताच म्हणाली, "वन्सं, तुम्हाला असं वाटतंय हे मला माहीत होतं. दवाखान्यात तुम्ही माझ्याशी नीट बोलत नव्हता. तोंडावर बोलला असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं."

"काय दिलं असतंस?"

"हेच, की दर हंगामाला त्यांचा आवाज बसतो. दर वर्षी मी काढा देते आणि दर वर्षी उतरतो. आणि तुम्हीसुद्धा फोनवर ऐकला होता की बसलेला आवाज! तोंडात ज्येष्ठमध धरायला तुम्हीच सांगितलं होतं."

खरं होतं ते. मीच सांगितलं होतं. इतके महिने मी ते सोयीस्कर विसरले होते आणि सगळा दोष तिच्या पदरात घातला होता. मला लाज वाटली आणि मी तसं तिला म्हणालेही. तिचे डोळे भरून आले.

"मलाही रोज तेच वाटतं हो," ती म्हणाली. "पण त्यांच्या आवाजात ते ऐकायला लागलं. काल रात्री हे दहादा लिहून दाखवत होते, मी असं म्हटलं नाही. लिहिलेलं वाचलं तरी कानातलं जाईना."

भरतेश उठला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने लिहून माझ्यापुढे फोन धरला. 'दुसरी चिप आहे?'

"आहे. पण ती तपासलेली नाही."

'तशीच दे.'

"अरे, दहात एक कच्ची निघते. गरम झाल्यावरच कळतं. मैदानात भर कुस्तीत बंद पडली तर डबा बोलायला लागेल. मी आजवर न तपासता एक माउससुद्धा दिलेला नाही."

त्याने लिहिलं, 'तू तपासलीस की ती तुझी होते.'

मी त्याच्याशी वाद घातला. म्हटलं, थोडी चालवते, एक तास, मुकी राहून. पण मुकं राहूनही जबडा हलतो, आणि यंत्राने तयार केलेले खोटे इशारे सोडले तरी तीही वाटच पडते. कोरी द्यायची तर कोरीच द्यायला हवी होती. मी सगळी बाजू मांडली आणि दर वेळी तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. शेवटी मी पेटी उचलून दुकानात आणली.

चिप सोडून बाकी सगळं मी पुन्हा तपासलं. माझी चिप आत ठेवूनच पेटी दोन दिवस उन्हात ठेवली, व्होल्टेज पाडलं, चढवलं, वर गच्चीवरची धूळ टाकली. मग माझी चिप काढून कोरी बसवली. पेटी बंद करून त्याच्या टेबलावर ठेवली. बटण त्याने दाबायचं होतं. पाठीवर चिठ्ठी लावली नाही.

"आता जावा वन्सं," राजमती म्हणाली. "आणि नऊ दिवस येऊ नका. तुम्ही आलात की ते तुमच्या तालावर बोलायला बघतात."

ते नऊ दिवस मला फार जड गेले. पहिल्या दिवशी राजमतीचा फोन आला. यंत्र नुसतं 'ब, ब' करतंय. दुसऱ्या दिवशी 'बा' आणि 'र'. तिसऱ्या दिवशीही शब्द नाही. मला राहवेना. म्हटलं, संवेदनक्षमता जरा वाढवून बघ, डाव्या कडेचा स्क्रू... तिने फोन ठेवून दिला. पाचव्या दिवशी मात्र तिनेच केला आणि काही न बोलता फोन ओट्यावर ठेवला. मागून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि त्यावर भरतेशचा, अडखळत, हळू :

"उजव्या हाताची... थाप. गोळा... फिरतोय. गाव... कवठेपिरान, घराणं उपाध्यांचं, वस्ताद... तिची आई! आणि... उचलली, उचलली... तव्यावर पाठीवर टाकली!"

राजमती इतकी हसत होती की तिला बोलता येईना. मी दुकानात एकटीच उभी होते. मला हसू आलं आणि रडूही.

मैदानाच्या दिवशी आम्ही दुपारीच हिंगणवाडीला पोचलो. माळावर चहूबाजूंनी माणूस बसला होता. मधे लाल माती, एका बाजूला मंच, चारी कोपऱ्यांना भोंगे. मंचाखाली कंपनीची दोन मुलं डबा घेऊन बसली होती, कॅमेरा लावून, बोट तयार ठेवून. मी माझ्या पिशवीत तशीच जोडलेली दुसरी पेटी आणली होती. जुनी चिप, तपासलेली, माझ्या वळणाची. ती बंद पडणार नाही याची मला खात्री होती. वायर बदलायला चार सेकंद पुरली असती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिली कुस्ती लागली. भरतेश बोलला, पण दोन सेकंद मागून. डाव होऊन जायचा आणि मग नाव यायचं. कुणीतरी शिटी मारली. दस्तगीर वस्ताद हौदाच्या कडेला उभे होते; त्यांनी मंचाकडे एकदाही पाहिलं नाही. दुसऱ्या कुस्तीला अंतर कमी झालं. तिसरीला एका पोराच्या पणज्याचं नाव त्याने घेतलं आणि गर्दीतून एक म्हातारा उभा राहून पटका हलवायला लागला. चिपला वाट सापडत होती. लोक आता मातीकडे बघत होते, मंचाकडे नाही, आणि निवेदक चांगला असला की असंच होतं. कंपनीच्या मुलाने डब्यावरचा हात काढून खिशात घातला.

उन्हं कलली तेव्हा शेवटची मोठी कुस्ती लागली. हिंगणवाडीचाच इरफान आणि समोर कर्नाटकातला एक आडदांड गडी. दहा मिनिटं झटापट झाली. भरतेशचं बोलणं तापत गेलं. मग कर्नाटकच्या गड्याने इरफानला खाली घेऊन मानेवर गुडघा दिला आणि दोघं तसेच थिजले. भोंग्यातून शेवटचा शब्द आला, "धरलंय..." आणि आवाज थांबला.

दोन सेकंद. पाच सेकंद. मी मोजत होते. आठ हजार माणूस श्वास रोखून बसला होता आणि भोंगे मुके. मंचावर भरतेश डोळे मिटून बसला होता. पेटी दुपारपासून उन्हात होती. स्फटिक तापले असणार, माझ्या मनात आलं, कच्चीच निघाली, मी सांगत होते. खाली कंपनीच्या मुलाने खिशातून हात काढला आणि कमिटीच्या माणसाकडे बघितलं. माणसाने होकाराची मान हलवायला सुरुवात केली.

मी पिशवी घेऊन उठले. राजमतीने माझा पदर धरला, तो मी सोडवला. चार पायऱ्या चढून मंचावर गेले, गुडघ्यावर बसले, माझी पेटी काढली आणि भरतेशच्या पट्ट्याच्या वायरीला हात घातला.

चारी भोंग्यांतून आवाज आला.

"अक्का, हात काढ."

मी वर बघितलं. त्याने डोळे उघडले होते.

"पैलवान दम घ्यायला लागलाय," तो म्हणाला, मला आणि साऱ्या मैदानाला. "म्हणून मीबी घेतोय. सगळीकडं काय बोलायचं असतंय व्हय? जा, खाली बस."

मैदान खदखदून हसलं. दस्तगीर वस्तादांनी पहिल्यांदाच मंचाकडे पाहिलं. खाली मातीत इरफानने खांदा सोडवला, तसा भोंग्यांतून त्याच्या आईचं नाव, त्याच्या खुराकासाठी तिने विकलेल्या म्हशीचं नाव आणि त्याच्या डावाचं नाव एका दमात धावत सुटलं.

मी हात काढला, आणि खाली जाऊन राजमतीशेजारी बसले.